पानं दोन

माझा नवरा म्हणतो, मी देवळात गेले तरी नमस्कार करायच्या आधी घंटा नीट टांगलीय का ते बघेन. खोटं नाही ते. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. अंबडच्या एका औषध कारखान्यात मी इंजेक्शनच्या बाटल्या तपासते. दिव्यासमोर बाटली धरायची, उलटी करायची, आत एखादा कण, एखादा केस, काचेची कपची तरंगतेय का बघायचं. हे काम आता कॅमेरे करतात. पण कॅमेऱ्यांच्या वर एक माणसाचा डोळा असावा असा नियम अजून शिल्लक आहे, आणि तो डोळा म्हणजे मी, ऋतुजा बागूल.

तर सोमवारी सकाळी भाजीघराची पेटी दारात आली. मी ती ओट्यावर ठेवली आणि सवयीनं भिंतीवरच्या पंगतच्या पडद्याकडे बघितलं. रात्रीचा बेत : गिलक्याची भाजी, मुगाचं वरण, पोळ्या, भात. त्याखाली बारीक अक्षरात : पानं दोन.

आम्ही तिघं आहोत. मी, भूषण आणि आमची ओवी. भूषण बस डेपोत बॅटऱ्यांच्या विभागात आहे, ओवी बारावीला. तिघंही आज रात्री घरीच होतो. मी बोटानं पडदा पुढे सरकवला. मंगळवार, पानं दोन. बुधवार, दोन. शुक्रवारपर्यंत दोनच.

माझ्या मनात पाल चुकचुकली.

पंगत म्हणजे काय ते सांगते, कारण गावाकडे अजून ती पोचलेली नाही. काही वर्षांपूर्वी एक शोध लागला, की माणसाची जशी चालायची एक ढब असते, तशी जेवायचीही असते. कोणी पोळीचा मोठा तुकडा मोडतो, कोणी चिमणीएवढा. कोणी भाजी आधी संपवतो, कोणी वरणात भात बुडवून बसतो. कोणी दोन घासांच्या मध्ये थांबून गप्पा मारतो. ताटाच्या बुडाशी एक पातळ पापुद्रा बसवला, की वजनातले हे बारीक चढउतार त्याला कळतात, आणि ताटावर कोण बसलंय हे तो सहीवरून ओळखावं तसं ओळखतो. आधी हे इस्पितळात म्हाताऱ्यांसाठी वापरत. मग शहराचा कचरा डेपो भरला, ओला कचरा घरोघरी वजन करून घ्यायला लागले, आणि घरांत पंगत आली. कोण काय आवडीनं जेवतं, कशाला नुसतं चिवडतं, उद्या त्याला किती भूक लागेल, याचा ती अंदाज बांधते. त्या मापानं वॉर्डातलं भाजीघर सकाळी पेटी पाठवतं. मळलेली कणीक, चिरलेली भाजी, मोजके डाळ-तांदूळ. संध्याकाळी ‘आज काय करू?’ हा प्रश्न घराघरातून गेला. घरात पिंपं भरून ठेवायची गरज राहिली नाही, आणि वाया काही जाईना.

मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. न विचारता सगळं बरोबर देणाऱ्या माणसाचा मला जसा संशय येतो, तसाच या भिंतीचा येतो.

‘पंगत,’ मी विचारलं, ‘आज घरी कोण जेवणार नाहीये?’

‘माफ करा. कोणाच्या जेवणाची माहिती फक्त त्या व्यक्तीलाच देता येते.’

हाही नियमच. सुरुवातीला सासवा सुनांची ताटं तपासायला लागल्या आणि सुना सासवांची, तेव्हा सरकारनं तो केला.

‘भूषणचं पान आहे का एवढंच सांग.’

‘माफ करा.’

‘ओवीचं?’

‘माफ करा.’

आवाज इतका गोड होता, की मला त्यावर झारा फेकून मारावासा वाटला.

खाली उतरताना जिन्यात धात्रक काकू भेटल्या. मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं. त्यांचा चेहराच उतरला.

‘ऋतुजा, माझं ऐक. पंगतला आपल्या आधी कळतं गं. आमच्या ह्यांचं पान तिनं अर्ध्यावर आणलं होतं. मी चिडले, म्हटलं मेली उपाशी मारते माणसाला. नंतर डॉक्टरांनी पोटातली गाठ काढली. आणि ती सी विंगमधली वाघचौऱ्यांची सून आठवते ना? त्यांच्याकडे असंच एक पान गळलं. पुढच्या महिन्यात ती माहेरी गेली ती गेलीच.’

दिवसभर मी बाटल्या बघत होते आणि मला बाटल्या दिसत नव्हत्या. माझ्या घरातून एक माणूस कमी होणार होतं. कोण, ते भिंतीला माहीत होतं. मला नव्हतं. मला साधी भीती वाटत होती.

सोमवारी रात्री मी दोघांना जेवताना बघितलं. म्हणजे पाठमोरी उभी राहून बघितलं. आमच्याकडे पोळी तव्यावरून थेट ताटात पडते. डब्यातली पोळी भूषणला रबर लागते, आणि ओवीला फुगलेली पोळी बोटानं फोडून वाफ काढायला लहानपणापासून आवडते. त्यामुळे एक पोळी लाटायची, एक भाजायची, वळून एक वाढायची, असं चाललेलं असतं. दोघंही नीट जेवले. भूषणनं दोनदा वरण मागितलं. ओवीनं गिलकी बाजूला सारली, पण ती नेहमीच सारते.

‘तब्येत बरी आहे ना तुझी?’ मी भूषणला विचारलं.

‘मस्त. का?’

‘कुठे बाहेरगावी वगैरे जायचंय का या आठवड्यात?’

‘नाही बुवा.’

‘ओवी, तू?’

‘मी कुठे जाणार? क्लासला.’ ती फोनमधून मान वर न करता म्हणाली.

शेवटची पोळी उतरेपर्यंत दोघं हात धुऊन सोफ्यावर गेले होते. मी कढईत भात टाकला, तळाची भाजी पुसून घेतली आणि ओट्याला टेकून खाल्लं. कढई फारच लवकर स्वच्छ झाली. होणारच. पेटी दोघांची होती आणि खाणारी तोंडं तीन. मी एक पेला पाणी जास्त प्यायले आणि विचार करत भांडी घासली.

मंगळवारी शिफ्ट सुटल्यावर मी घरी न जाता डेपोच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. हे मला शोभलं नाही, पण शोभण्याची वेळ कुठे होती? भूषण बाहेर आला. सोबत त्याचा मित्र पाटोळे. दोघं रस्ता ओलांडून मिसळीच्या टपरीत शिरले. मी मागून जाऊन बघते तर काय, जो माणूस घरी मला ‘तेल कमी टाक, छातीत जळजळतं’ म्हणतो, तो वाटीनं तर्री ओतून घेत होता. वर पापड. वर आणखी पाव.

‘भूषण.’

त्याच्या हातातला पाव वाटीत पडला.

‘तू इथे?’

‘तू रोज इथेच जेवतोस का? घरी जेवायचं बंद करणार आहेस का?’

‘अगं, मिसळ आहे ही! पाच वाजता भूक लागते माणसाला. आणि घरी येऊन जेवतोच आहे ना मी?’

पाटोळे भिंतीवरची दरपाटी अशी मन लावून वाचायला लागला, जणू उद्या तिच्यावर परीक्षा होती.

मी त्याला तिथेच पानांचं सांगितलं. काकूंच्या नवऱ्याच्या गाठीचंही सांगितलं. भूषण आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं की मी हसत नाहीये.

‘गेल्या महिन्यात डेपोत सगळ्यांची तपासणी झाली. मला काही नाही. आणि मी कुठेही चाललो नाहीये, ऋतुजा. माझ्या मिसळीवर पाळत ठेवलीस तू?’

‘ठेवली.’

रात्री मेथी होती, आणि तो नेहमीपेक्षा एक पोळी जास्तच जेवला, मला दाखवायला. ती पोळी माझ्या वाटणीची होती, हे त्याला कुठून कळणार?

म्हणजे ओवी. बुधवारी ती क्लासहून आली, तशी मी तिच्या खोलीचं दार लावून घेतलं.

‘खरं सांग. तू घर सोडून कुठे चालली आहेस?’

मी अंधारात दगड मारला होता. पण पोरीचा चेहरा पांढरा पडला.

‘पप्पांनी सांगितलं?’ ती म्हणाली.

मी गप्प राहिले. कारखान्यात मी हेच शिकलेय. बाटली हलवायची आणि थांबायचं. कण असेल तर तो आपोआप फिरत वर येतो.

‘गोव्याला निवड झालीय माझी. समुद्रातल्या शेवाळाचा अभ्यासक्रम आहे, पाच वर्षांचा. पण जुलैमध्ये आहे गं ते! आत्ता नाही. मी तुला सांगणारच होते.’

‘पप्पांना कधी सांगितलंस?’

‘दिवाळीत.’

‘आणि मला?’

‘तुला सांगितलं असतं, तर तू आधी गोव्याला जाऊन हॉस्टेलच्या दारांची कुलुपं ओढून बघितली असतीस.’ ती हे हसत म्हणाली, पण डोळ्यांत पाणी होतं. ‘तू आनंदी झाली नसतीस, आई. तू प्रश्न विचारले असतेस.’

मला वाईट वाटलं. राग नंतर आला, आणि तो भूषणवर काढला. तीन महिने दोघांनी माझ्यापासून ही गोष्ट लपवली होती. मी पोळ्या लाटत होते, तेव्हा माझ्या पाठीमागे ते डोळ्यांनी बोलत असणार. मला आठवायला लागलं, मी वळले की कितीदा विषय बदलल्यासारखा वाटायचा. संशय खरा निघाला याचा आनंद होतो म्हणतात. मला काही झाला नाही.

पण जुलै लांब होता. या सोमवारपासून पानं दोन का, याचं उत्तर काही मिळालं नव्हतंच.

गुरुवारी संध्याकाळी मी पेटी उघडली. बटाट्याची भाजी, दोघांची. मी ती तशीच ओट्यावर ठेवली आणि गॅस पेटवला नाही.

‘काय झालं?’ भूषणनं विचारलं.

‘कोण जाणार आहे ते कळल्याशिवाय आज स्वयंपाक नाही.’

‘अरे देवा. ओवी, ये गं इकडे. एकदाचा सोक्षमोक्ष लावू.’ तो तणतणत भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. ‘पंगत, मी भूषण. मला माझी माहिती दे. आज माझं पान आहे का?’

‘आहे, भूषण. आज तुमची भूक थोडी कमी असेल. संध्याकाळी बाहेर खाणं झालेलं असतं.’

त्याचे कान लाल झाले. ओवी खुदकन हसली आणि पुढे आली.

‘मी ओवी. माझं पान?’

‘आहे, ओवी. बटाट्याची भाजी आहे, त्यामुळे एक पोळी जास्त धरली आहे.’

दोन पानं. दोन्ही इथे उभी होती. मी अजूनही त्या दोघांकडेच बघत होते, कोण खोटं बोलतंय ते शोधत. खरं सांगते, तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. चार दिवस मी सगळ्यांचं विचारलं होतं. एकाच माणसाचं विचारलं नव्हतं.

‘आई,’ ओवी हळूच म्हणाली, ‘तू विचार ना.’

‘माझं काय विचारायचं?’

‘विचार तर.’

मी पदराला, म्हणजे ओढणीला, हात पुसले. ‘पंगत, मी ऋतुजा. माझं पान आहे का?’

‘नमस्कार, ऋतुजाताई. आपण या घरी जेवणाऱ्यांमध्ये नाही. आपली नोंद स्वयंपाक करणाऱ्या ताई म्हणून आहे. आपली काही तक्रार आहे का?’

भूषण मोठ्यानं हसला. मग थांबला. थांबल्यावर त्याला आपलं हसणंच ऐकू आलं असावं, कारण तो खुर्चीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

‘का?’ ओवीनं भिंतीला दरडावलं. ‘असं का ठरवलंस तू?’

‘माफ करा, ही माहिती फक्त ऋतुजाताईंना देता येईल.’

‘मला दे,’ मी म्हटलं.

‘आपल्या नावाचं ताट पावसाळ्यापासून वापरात नाही. उरलेलं अन्न कोणत्याही ताटात दिसत नाही आणि ओल्या कचऱ्यातही येत नाही. शहरातल्या इतर घरांत असं दिसतं, तेव्हा बहुतेक वेळा स्वयंपाकाला येणारी व्यक्ती ते सोबत घेऊन जाते. इतके महिने तेच दिसल्यामुळे या सोमवारी नोंद बदलली. चूक असेल तर दुरुस्त करता येईल.’

पंगत बसवली, तेव्हा माणसं ओळखू यावीत म्हणून तिघांनी काही दिवस आपापल्या ताटात जेवायचं होतं. मी जेवले होते. सांगितलेलं काम मी चोख करते. मग परत तवा, वळून वाढणं, कढईतला भात. मी मांडणीकडे बघितलं. ताटांच्या कडेला बारीक हिरवा दिवा असतो. दोन ताटांचे लागलेले होते. तिसरं त्यांच्या मागे, विझलेलं. तेलकट धूळ बसली होती त्याच्यावर. ज्या बाईला बाटलीतला केस दिसतो, तिला रोज डोळ्यांसमोर असलेलं हे दिसलं नव्हतं.

मशीन चुकलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. मग त्यातलं एकेक वाक्य दिव्यासमोर धरून बघितलं. एकही खोटं नव्हतं. मला इतका अपमान वाटला, की रडूही येईना. आणि अपमान कुणी केला म्हणावं? दोघांपैकी कुणी पंगतला काही सांगितलं नव्हतं. चार दिवस मी ज्या कारस्थानाचा माग काढत होते ते नव्हतंच. कुणी काही केलं नव्हतं. कुणी काही बघितलंही नव्हतं. सोमवारपासून भिंतीवर दोन लिहिलं होतं, आणि ते दोघं रोज त्याच भिंतीपाशी येऊन पाणी घेत होते.

‘मी आत्ता दुरुस्त करतो,’ भूषण उठला. ‘पंगत, मी सांगतो, पानं तीन कर.’

‘नको,’ मी म्हटलं. ‘तू सांगून नको. तिला दिसू दे.’

त्या रात्री कुणीच धड जेवलं नाही.

शुक्रवारी पेटी दोघांचीच आली. वांगी-बटाटा. मी सगळ्या पोळ्या आधी लाटल्या, भाजल्या आणि डब्यात भरून झाकण लावलं. गॅस बंद केला. तिसरं ताट घासूनपुसून टेबलावर ठेवलं, भाजीचे तीन वाटे केले आणि खुर्ची ओढून बसले. भूषणनं डब्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं मुकाट्यानं डब्यातली पोळी उचलली, मोडली आणि चावत राहिला. रबर हा शब्द त्यानं काढला नाही. काढला असता तर मी काय केलं असतं, कुणास ठाऊक.

ओवीनं वाफ नसलेली पोळी बोटानं दाबून बघितली आणि जेवायला लागली. समोरासमोर बसल्यावर मला दिसलं, की ती डाव्या हातानं केस मागे सारते, अगदी माझ्या आईसारखी. पाठमोरी असताना कसं दिसणार होतं?

मी पहिला घास घेतला. मग दुसरा. ताटाच्या कडेचा दिवा आधी पिवळा झाला, मग लुकलुकायला लागला. वजन घेत असणार ती, माझ्या घासांचं. माझी सही तिच्यापाशी उरली नसावी, किंवा इतक्या महिन्यांत माझीच बदलली असावी. उभ्यानं खाणारं माणूस घाईनं खातं.

‘ताटावर नवीन व्यक्ती आहे,’ भिंत गोड आवाजात म्हणाली. ‘आपल्याकडे पाहुणे आले आहेत का?’

तिघांचेही हात थांबले.

‘बेत आखण्यासाठी दोनच प्रश्न. पाहुण्यांना काय आवडतं?’

‘भरीत,’ भूषण लगेच म्हणाला. ‘भरीत फार आवडतं तिला.’

‘ते तुला आवडतं,’ मी म्हटलं.

‘मग... शिरा,’ ओवी म्हणाली. ‘केळं घालून. नाही का?’

‘तो तुला.’

भूषणनं ओवीकडे बघितलं, ओवीनं भूषणकडे. दिवाळीपासून मोठमोठी गुपितं सांभाळणारी माणसं ती. पण या प्रश्नाला दोघांकडे उत्तर नव्हतं, आणि आता ते लपवताही येत नव्हतं. भूषण ताटात खाली बघत म्हणाला, ‘तूच सांग ना, ऋतुजा.’

मी सांगायला गेले. आणि काही आठवेना. गिलकी ओवीला नको असतात म्हणून मी खाते. वरणातला लसूण भूषण बाजूला काढतो म्हणून मी खाते. कढईला लागलेलं, पातेल्यात उरलेलं, कोणी नको म्हटलेलं, सगळं मी आवडीनं खाते. पण मला काय आवडतं? मला खरोखर घाबरायला झालं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बाटल्या तपासल्या, ही एक कधी दिव्यासमोर धरलीच नव्हती.

‘उत्तर ऐकू आलं नाही,’ भिंत म्हणाली. ‘दुसरा प्रश्न. पाहुणे किती दिवस राहणार आहेत?’

ओवीनं माझा हात धरला. तिचा हात खरकटा होता. भूषण माझ्याकडे बघत होता, आणि गेल्या चार दिवसांत मी त्याच्याकडे जशी बघत होते तसाच, ही जाते की राहते अशा नजरेनं. बघू दे, म्हटलं. त्यालाही कळू दे माझे चार दिवस कसे गेले ते.

मी सावकाश घास चावला, गिळला.

‘राहतील,’ मी भिंतीला म्हटलं. ‘आवड सांगायला त्यांना वेळ लागेल. तोवर रोज एक पान जास्त टाक.’